पीएचडीचा आराखडा अडकलाय : विषय बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळांचा, मोजायचं काय ते कळेना

कणकुंबीची_लेक

नमस्कार मंडळी. मी शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय. कोर्सवर्क संपलं, आता दोन महिन्यांत आराखडा द्यायचाय. विषय असा धरलाय : 'सीमाभागातील मराठी माध्यमाच्या शाळांची सद्यस्थिती, समस्या व उपाय : एक चिकित्सक अभ्यास'. गाईडनी वाचलं आणि एकच विचारलं, "विषय चांगला आहे, खरं यात तू मोजणार काय?" मला उत्तर देता आलं नाही.

मी स्वतः मराठी शाळेत शिकले. यंदा आमच्या गावच्या शाळेत पहिलीला तीन मुलं आली. माझ्या भावाचा मुलगा त्याच शाळेसमोरून सकाळी गाडीत बसून खानापूरला इंग्रजी शाळेत जातो. आई रोज दारात उभी राहून त्याला हात करते आणि आत येऊन काही बोलत नाही. मला हे लिहायचंय. नोकरी सांभाळून करतेय, घरी चार वर्षांची मुलगी आहे. ६० प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे, ३०० जणांकडून भरून घ्यायचा विचार आहे. बरोबर आहे का?

जुना_मास्तर

पोरी, आधी प्रश्नावली कपाटात ठेव. प्रश्न ठरायच्या आधी प्रश्नावली केलीस, तिथंच गाडी उलटी जुंपलीस.

सद्यस्थिती, समस्या आणि उपाय हे तीन प्रबंधांचे विषय आहेत. एकेक शब्द घेऊन विचार, हे मोजायला मी कुणाकडे जाऊ? 'सद्यस्थिती'साठी कुणाकडे जाशील? पटसंख्येसाठी यूडायस (सरकारची शाळांची माहिती-नोंद) आहे, इमारतीसाठी वेगळं, शिक्षकांच्या जागांसाठी आणखी वेगळं. 'उपाय' तर मोजता येतच नाहीत, ते शेवटच्या प्रकरणात तुझ्या निष्कर्षातून निघायचे असतात. शोधगंगेवर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावर) जाऊन बघ, 'समस्या व उपाय' या शेपटीचे प्रबंध किती निघतात ते. त्यातले दहा उघड आणि फक्त संशोधन पद्धतीचं प्रकरण वाच. कुठले पटले आणि कुठले नाहीत, हे तुझं तुलाच कळेल.

तुझा प्रबंध तू वर लिहिलेल्या चार ओळींत आहे. शाळा समोर आहे आणि मुलगा गाडीत बसतो. मग एवढंच विचार की : *पहिलीत घालताना मुलाचं माध्यम घरात कोण ठरवतं आणि कशावरून ठरवतं?* यात कोण, कुठं, केव्हा हे सगळं बांधता येतं. खानापूर तालुका, या वर्षी पहिलीत गेलेली मुलं, त्यांचे पालक. 'सीमाभाग' म्हटलंस की निपाणी आली, बेळगाव शहर आलं, बिदर-भालकी आली, पलीकडं कारवार आलं. एका माणसाच्या दोन पायांनी तेवढं होत नाही.

पार्श्वभूमीला सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१४ चा निकाल नीट वाच. प्राथमिक शाळेत मातृभाषेचंच माध्यम सरकारला सक्तीनं लादता येणार नाही, असा तो कर्नाटकाच्याच प्रकरणातला निकाल आहे. म्हणजे माध्यम कुणी निवडायचं हा वाद दिल्लीपर्यंत गेलेला आपल्याच राज्यातून. तुझा प्रश्न त्या निकालाच्या पुढचा आहे. निवडायचा हक्क मिळाला, आता घरात तो वापरतं कोण?

आकडेमोड

मास्तरांनी प्रश्न बांधून दिला, मी नमुन्याकडे येतो. मी संख्याशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी एकच प्रश्न विचारतो : ३०० का? २९० का नाही?

सरळ यादृच्छिक नमुना घेतला, ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक चालणार असेल, तर हिशोब असा. १.९६ चा वर्ग, गुणिले ०.५, गुणिले ०.५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. सगळ्या प्रबंधांत दिसणारा ३८४ चा आकडा इथून येतो. बरेच जण तो उचलतात आणि पुढं जातात. खरं तू सरळ नमुना घेणार नाहीस. गावं निवडशील आणि प्रत्येक गावात काही घरं घेशील. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. शाळा तीच, रस्ता तोच, शेजारणीनं पोराला कुठं घातलं ते बघून आपण घालायचं. त्यामुळं एका गावातली वीस उत्तरं ही वीस स्वतंत्र उत्तरं नसतात.

याची दुरुस्ती सोपी आहे. गावातल्या गावात सारखेपणा ०.०५ धरला आणि प्रत्येक गावात २० घरं घेतलीस, तर नमुना वाढवायचा गुणक होतो १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५. मग ३८५ चे ७५१ होतात. गावात १० च घरं घेतलीस तर गुणक १.४५ आणि नमुना ५५९. म्हणजे गावं वाढव, घरं कमी कर. गाडीखर्च वाढतो, पण एकूण फॉर्म जवळजवळ दोनशेनं कमी होतात. तालुक्यातल्या पहिलीच्या मुलांची एकूण संख्या हातात आली की लहान समूहासाठीची दुरुस्तीही लावता येते, आकडा आणखी खाली येतो. एवढं झेपत नसेल तर तालुक्याऐवजी एक-दोन भाग घे. जांबोटी-कणकुंबी हा जंगलाचा मराठी पट्टा आणि पूर्वेकडचा बीडी-इटगी हा कानडी वळणाचा पट्टा. दोन्हीची तुलना हाच प्रबंध होऊ शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नमुना शाळेतून घेऊ नकोस. मराठी शाळेच्या पटावरून पालक निवडलेस तर ज्यांनी मराठी शाळा सोडली ते तुला भेटणारच नाहीत, आणि तुझा अख्खा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे. अंगणवाडी सेविकेकडे सर्वेक्षणाचं रजिस्टर असतं. गावातली सहा वर्षांखालची सगळी मुलं घरनिहाय त्यात असतात, पुढं कुठल्याही माध्यमात जावोत. दोन वर्षांपूर्वीच्या नोंदींतून आज पहिलीत असायला हवीत ती मुलं काढ आणि त्यांच्या घरी जा.

कणकुंबीची_लेक

अंगणवाडीच्या रजिस्टरचं डोक्यातच आलं नव्हतं. माझी मोठी जाऊ अंगणवाडीत सेविका आहे! रोज तिच्या हातात तेच रजिस्टर असतं.

विणकर_गल्ली

ताई, मी बेळगावच्या वडगावचा. माझं एमएसडब्ल्यूचं (समाजकार्यातल्या एमएचं) लघुप्रबंधाचं काम आमच्या गल्लीतल्या यंत्रमाग कामगारांवर होतं. एक अनुभव सांगतो, तुम्हाला उपयोग होईल.

पहिल्या मुलाखतीला मोबाइल रेकॉर्डर लावून मागाच्या शेजारी बसलो. दीड तास मावशी बोलल्या. घरी येऊन ऐकलं तर धोट्याचा खटखटाट आणि मधूनमधून "मग काय करायचं बाळा" एवढंच. त्या दीड तासात त्यांनी नवऱ्याचं आजारपण, मुलीचं लग्न, उचल घेतलेले पैसे, सगळं सांगितलं होतं आणि माझ्याकडे त्यातलं काहीच राहिलं नाही. पुन्हा विचारायला गेलो तर म्हणाल्या, "सांगितलं की परवा." दुसऱ्यांदा तसं बोलणं होत नाही. त्यानंतर मी वीज गेली की बाहेर पडायचो. लाइट गेली की माग थांबतात, माणसं कट्ट्यावर येतात आणि आपणहून बोलतात. तुमच्याकडं ती वेळ कुठली, हे तुम्हीच शोधा. आणि रेकॉर्डिंगवर विसंबू नका. त्या रात्रीच, झोपायच्या आधी, आठवेल तेवढं वहीत लिहा. सकाळी निम्मं जातं.

बीडी_रोड

शाळेत पाऊल टाकायचं असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयाची परवानगी लागेल. अर्ज कानडीत दे, काम लवकर होतं. खानापूर बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतं, चिक्कोडीचा शैक्षणिक जिल्हा वेगळा, तिकडचं कुठलं गाव घेतलंस तर तिथला वेगळा अर्ज. सीआरपींना (शाळांच्या केंद्राचं काम बघणाऱ्यांना) भेट, एसडीएमसीच्या (शाळा समितीच्या) अध्यक्षांना भेट. पोहोच घेऊन फाइलला लाव, परिशिष्टात लागते.

वेळापत्रक पावसावर बांध. जून ते सप्टेंबर कणकुंबीच्या बाजूला तू जाऊ शकणार नाहीस आणि गेलीस तरी लावणीच्या दिवसांत घरात कोण नसतं. सुगीला पण तेच. जानेवारी ते मे हे तुझे खरे दिवस.

दोन्ही_भाषा

हे सगळं बरोबर आहे, पण ज्या जागी सीमाभागातले प्रबंध फसतात ती जागा अजून कुणी सांगितली नाही. ती म्हणजे प्रश्न *कुठल्या भाषेत* विचारला. मी अनुवादाचं काम करते, घरात आई कानडी आणि वडील मराठी, त्यामुळं हे जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या ६० प्रश्नांत पहिल्या पानावर 'मातृभाषा' आणि 'घरात बोलली जाणारी भाषा' असणार, माझी खात्री आहे. आपल्या भागात हा साधा माहितीचा प्रश्न नाही. १९५६ पासून या प्रश्नाच्या उत्तरावर गावं कुणाची ते ठरवायचं भांडण चालू आहे. अनोळखी माणूस वही घेऊन दारात आला आणि पहिलाच प्रश्न भाषेचा विचारला, की समोरचा मनात म्हणतो, हा एकीकरण समितीचा की सरकारचा? आणि त्या हिशोबानं उत्तर देतो. मी एका घरात ऐकलंय. आजी ठासून म्हणाली, "आमच्यात मराठीच." तेवढ्यात नातू आला, तिनं त्याला कानडीत जेवायला हाक मारली. ती खोटं बोलली नाही. तिनं आपण कोण आहोत ते सांगितलं. तुम्हाला हवं होतं ती काय बोलते ते. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

म्हणून भाषेचा प्रश्न शेवटी न्या आणि मोडून विचारा. मुलाला रागावता तेव्हा कुठल्या भाषेत? बाजारात? फोनवर माहेरी? अभ्यास घेताना? चार उत्तरं चार वेगळी येतील आणि तीच तुमची खरी माहिती.

दुसरं, दोन्ही भाषांत प्रश्नावली करा आणि उलटा अनुवाद करून घ्या. म्हणजे एकानं मराठीचं कानडी करायचं, मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्या कानडीचं परत मराठी करायचं, आणि दोन्ही मराठी शेजारी ठेवून बघायचं. आपल्या दोन भाषांत दिसायला सारखे शब्द फार आहेत आणि तेच गळा कापतात. मराठीत 'अनुमान' म्हणजे अंदाज, तर्क. कानडीत 'अनुमान' म्हणजे संशय. मराठी प्रश्न होता, "मुलाच्या पुढच्या शिक्षणाबद्दल तुमचं अनुमान काय?" भाषांतर करणाऱ्यानं शब्द तसाच ठेवला तर कानडी बाईला ऐकू येतं, मुलाच्या शिक्षणाबद्दल तुम्हाला संशय कसला? 'अवसर' मराठीत वेळ, संधी. कानडीत घाई. असे शब्द आराखड्यात एक पानभर लिहा, परीक्षकाला कळेल तुम्ही कुठल्या मातीत काम केलंय.

तिसरं, आणि हे मी हात जोडून सांगते. प्रत्येक फॉर्मवर तीन रकाने ठेवा : मुलाखत कुठल्या भाषेत सुरू झाली, मध्ये भाषा बदलली का, आणि कुठल्या प्रश्नावर बदलली. पुढं विश्लेषणात हे रकाने सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त बोलतील. फॉर्म मोबाइलवर भरणार असाल तर कोबोटूलबॉक्समध्ये (माहिती गोळा करायच्या ॲपमध्ये) दोन्ही भाषा एकाच फॉर्मात ठेवता येतात आणि रेंज नसताना पण चालतं. कणकुंबीला ते लागेलच.

आकडेमोड

वरच्याला जोडून. सहमत-असहमतची पाच खान्यांची मोजपट्टी (लिकर्टनं १९३२ साली मांडली ती) गावात जशीच्या तशी चालत नाही. "काही अंशी सहमत" हे कुणी बोलत नाही. शिवाय पाहुणा आलाय म्हणून माणसं प्रत्येक विधानाला "होय की" म्हणतात. म्हणून काही विधानं उलटी घाला. "मराठी शाळेत शिकून नोकरी मिळते" आणि दहा प्रश्नांनंतर "मराठी शाळेत शिकलं तर नोकरी मिळत नाही". दोन्हीला होय आलं तर तो फॉर्म बाजूला काढून त्या घरी पुन्हा जायचं.

आणि न मिळालेल्या उत्तराला ९९ आकडा देत असाल तर सॉफ्टवेअरला सांगायला विसरू नका. माझ्या एका विद्यार्थिनीनं पहिलीच्या मुलांच्या वडिलांचं सरासरी वय ५० काढून आणलं. पाव भाग फॉर्मात वय रिकामं होतं, तिथं ९९ भरलेलं. खरं सरासरी ३४ होतं. तिनं त्या ५० वर अडीच पानं लिहिली होती. सगळी काढावी लागली, आणि त्या दिवशी ती माझ्यासमोर रडली. विश्लेषणाच्या आधी प्रत्येक रकान्याचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा बघायचा, एवढी एकच सवय लावा.

कणकुंबीची_लेक

लिहिण्याचं पण सांगा ना. मला पहिलं प्रकरण सुरूच होत नाही. आणि मुलीमुळं वेळ कसा धरू?

जुना_मास्तर

पहिलं प्रकरण शेवटी लिही. प्रस्तावनेत तू वाचणाऱ्याला सांगणार की पुढं काय आहे, आणि ते तुलाच अजून माहीत नाही. सुरुवात पद्धतीच्या प्रकरणानं कर, कारण ते तू रोज करतेस : आज कुठलं गाव, का निवडलं, किती घरं बंद होती, किती जणांनी नको म्हटलं. नको म्हणणाऱ्यांचा आकडा लपवू नकोस, तो प्रबंधात असायलाच हवा. मग निष्कर्ष, मग चर्चा, मग मागच्या संशोधनाचा आढावा नीट कर. तो आधी अर्धा झालेला असेलच, पण आपल्याला काय सापडलं ते कळल्यावर त्यातला निम्मा गळतो.

वेळेचं म्हणशील तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, महिलांना त्यावर सवलत आहे, आणि प्रसूती-बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजाही आहे. विद्यापीठाच्या कार्यालयात लेखी विचार. बायका हे मागत नाहीत आणि शेवटच्या वर्षी धावपळ करतात. माझ्या हाताखालच्या दोघींनी अशीच पीएचडी सोडली, मला ते आजही लागतं. दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या.

उसनवारीचं, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर उचलण्याचं, पण लक्षात ठेव. यूजीसीच्या २०१८ च्या नियमानं १० टक्क्यांपर्यंतची समानता चालते, १० च्या वर ४० पर्यंत गेली की सहा महिन्यांत सुधारून द्यायला लावतात, ६० च्या वर गेली तर नोंदणीच रद्द. पण मी टक्केवारीसाठी सांगत नाही. दुसऱ्याचं वाक्य आलं की तुझ्या गावातली बाई प्रबंधातून जाते.

दोन्ही_भाषा

नावांचं एक. गावाचं नाव काढून 'गाव क' लिहिलं म्हणजे ओळख लपत नाही. 'गाव क मधील एकशिक्षकी शाळेचे शिक्षक म्हणाले' असं लिहिलंत की तालुक्यात सगळ्यांना कळतं कोण ते, आणि उद्या त्यांना कार्यालयातून विचारणा होते. शिक्षकांची वाक्यं गावाशी जोडूच नका, पट्ट्याशी जोडा. लहान मुलांशी बोलणार असाल तर पालकांची संमती लेखी, आणि मुलाला पण विचारायचं, बोलशील का म्हणून. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी पहिल्या मुलाखतीच्या आधी लागते, नंतरची चालत नाही.

कणकुंबीची_लेक (तीन आठवड्यांनी)

मंडळी, परत आले. नाव बदललं : 'खानापूर तालुक्यातील दोन पट्ट्यांत इयत्ता पहिलीच्या प्रवेशावेळी माध्यमनिवडीची घरगुती निर्णयप्रक्रिया'. गाईड म्हणाले, आता मोजता येईल. प्रश्न ६० चे २२ केले.

रविवारी जावेबरोबर शेजारच्या गावात सहा घरं करून बघितली, नुसती चाचणी म्हणून. "माध्यमाचा निर्णय कोणी घेतला?" असं विचारलं तर सहाही घरांत बायका म्हणाल्या, "मालकांनी." म्हटलं संपला प्रबंध, उत्तर मिळालं. मग एका घरात चहा होईपर्यंत बसले होते तेव्हा सहज विचारलं, फॉर्म आणायला कोण गेलं होतं? ती म्हणाली, मी. फीचे पैसे? म्हणाली, भिशीचे माझे. शाळा बघायला? भावजयीबरोबर मीच गेले होते, त्यांना सुट्टी कुठली. आणि मराठी शाळा का नको वाटली? तेव्हा ती मराठी सोडून कानडीत गेली आणि माझ्या जावेकडं बघून बोलायला लागली, मला निम्मंच कळलं. जावेनं नंतर सांगितलं. तिला स्वतःला सातवीनंतर हायस्कूलला लांब पाठवलं नव्हतं, आणि पोरीचं तसं होऊ नये म्हणून तिनं दारातून गाडी जाणारी शाळा निवडली. भाषेचा त्यात विचारच नव्हता.

मी त्या रकान्यात लिहिलं : प्रश्न १४ वर भाषा बदलली.

दोन्ही_भाषा

ताई, 'निर्णय' हा शब्दच काढा. निर्णय म्हटलं की घरातला पुरुष पुढं येतो. आपल्यात म्हणतात तसं विचारा, "पोराला शाळेत कुणी घातलं?" आणि पुढचे तीन चहाच्या वेळचे प्रश्न फॉर्मात घ्या, त्याच क्रमानं. कानडी मसुदा मला पाठवा, उलटा अनुवाद माझ्या आईकडून करून देते, तिनं तुमचं मराठी पाहिलेलं नाही.

कणकुंबीची_लेक

पाठवते ताई, आज रात्रीच. मुलगी झोपली की बसते.